फोटोवर माउस नेला की अक्षरं यायला हवीत

या वेळी ईमेलात चार पत्रं अशी आलीत की जणू चौघांनी एकत्र बसून लिहिलीत, वेबसाइटवरचे फोटो आणि त्यांच्यावर उमटणारी अक्षरं, दुसरा विषयच नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

आणि एक आधीच सांगतो. मागे एकदा या पानावर मी कोड जसाच्या तसा छापायला दिला होता, तेव्हा जुळणी करताना सेमीकोलनचे स्वल्पविराम झाले आणि महिरपी कंसाच्या जोडीतला एक कंस कुठे तरी गळाला, मग पुढचा आठवडाभर मी फोनवर लोकांना कंस लावायला सांगत बसलो होतो. तेव्हापासून कोड छापत नाही, बोलून सांगतो. नावं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना स्पेलिंग अर्थातच इंग्रजीत.

प्रश्न : नमस्कार सर, आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे, बाबांचं. वेबसाइट मीच बनवलीय, व्हिडिओ बघून बघून. पानावर साड्यांचे २४ फोटो आहेत, एका ओळीत ४. मला असं पाहिजे की फोटोवर माउस नेला की फोटो जरा काळसर व्हावा आणि त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात काठाचं नाव आणि किंमत यावी. केलं मी, पण आधी सगळ्या साड्यांची नावं पानाच्या वरच्या कोपऱ्यात एकावर एक जाऊन बसली, ते कसंबसं जागेवर आणलं तर आता माउस नेला की अक्षरं नुसती लुकलुक करतात, पंखा फिरल्यासारखी. भाऊ म्हणतो जावास्क्रिप्टशिवाय, म्हणजे वेगळा प्रोग्राम लिहिल्याशिवाय, होणार नाही. खरंच लागेल का?
(एक वाचक, येवला)

उत्तर : भावाला सांगा, नाही लागत. पण भाऊ अगदीच चुकीचा नाहीये, त्यानं कुठला तरी जुना धडा वाचला असणार. माउस वर आला की रूप बदलायचं, म्हणजे हॉवर, ही सोय सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, दुसऱ्या आवृत्तीत १९९८ सालीच आली, पण २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ ती फक्त लिंकवर मानायचा, बाकी कशावर नाही, आणि तेव्हा ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर तोच ब्राउझर. म्हणून आम्ही लोक दर फोटोला ऑनमाउसओव्हर, ऑनमाउसआउट अशी जावास्क्रिप्टची शेपटं लावत बसायचो. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ते सुधारलं, तरी ते जुने धडे इंटरनेटवर अजून पडून आहेत आणि कुणी ना कुणी ते उचलतंच.

आता तुमची दोन दुखणी. कोपऱ्यात गर्दी का झाली, तर अक्षरांना तुम्ही पोझिशन ॲब्सोल्यूट दिलंत पण ती कुणाच्या हिशोबानं ते सांगितलं नाहीत. ॲब्सोल्यूट म्हणजे पाहुणा समजा, कुणाच्या घरी उतरायचं ते त्याला सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तो सरळ गावच्या चावडीवर जाऊन बसतो, इथे चावडी म्हणजे अख्खं पान. फोटो आणि अक्षरं ज्या डब्यात आहेत त्या डब्याला पोझिशन रिलेटिव्ह द्यायचं की झालं, पाहुणा त्याच घरात राहतो. हे तुम्ही बहुतेक केलंय आता, म्हणून जागेवर आली.

लुकलुक जास्त मजेशीर आहे. तुम्ही हॉवर फोटोलाच लावलाय असं मला वाटतं, म्हणजे 'फोटोवर माउस आला की त्याच्या शेजारची अक्षरं दाखव' असं काही तरी. मग काय होतं बघा. माउस फोटोवर गेला, अक्षरं आली, पण ती आली ती फोटोच्या अंगावर येऊन बसली, म्हणजे आता माउसच्या टोकाखाली फोटो नाहीच, अक्षरं आहेत. ब्राउझर म्हणतो अरे माउस तर फोटोवरून गेला, लपव. लपवली की खाली परत फोटो. परत दाखव. हात जरा हलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तुम्हाला दिसतो तो पंखा.

उपाय एकच, हॉवर फोटोला नाही, बाहेरच्या डब्याला लावायचा. अक्षरं डब्याच्या पोटातच आहेत, त्यामुळे माउस फोटोवर असो नाहीतर अक्षरांवर, तो डब्यावरच असतो. डबा म्हणून फिगर वापरा, त्यात आधी इमेज आणि मग फिगकॅप्शन, त्याच कामासाठी केलेले टॅग आहेत ते. फिगरला पोझिशन रिलेटिव्ह. इमेजला डिस्प्ले ब्लॉक आणि रुंदी १०० टक्के, ब्लॉक नाही दिलंत तर फोटोच्या खाली ३-४ पिक्सेलची एक फट राहते आणि काळी सावली त्या फटीवरही पसरते, घाण दिसतं. फिगकॅप्शनला पोझिशन ॲब्सोल्यूट, इनसेट शून्य म्हणजे चारी बाजूंनी फोटोभर, मागे काळा रंग, ओपॅसिटी शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, ट्रान्झिशन ०.३ सेकंद म्हणजे रूप तेवढ्या वेळात अलगद बदलतं. आणि शेवटचा नियम, फिगर-कोलन-हॉवर, जागा, फिगकॅप्शन : ओपॅसिटी १.

यातली ती जागा कुठे आहे ते नीट बघा. फिगर आणि कोलन यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. सोडली की अर्थच बदलतो, 'फिगरच्या आतल्या ज्या वस्तूवर माउस आहे ती' असा होतो, मग काहीही घडत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. मी बसलोय. ट्रान्झिशनही मूळ नियमातच लिहा, हॉवरच्या नियमात लिहिलंत तर अक्षरं येताना अलगद येतात आणि जाताना फटकन जातात.

काळ्या रंगाबद्दल. मागचा रंग फिका करायला कॅप्शनचीच ओपॅसिटी ०.६ करतात पुष्कळ जण, त्यानं अक्षरंही फिकी होतात. त्याऐवजी रंगच अर्धपारदर्शक द्या, आरजीबीए मध्ये तीन शून्य आणि शेवटी ०.६५, अक्षरं पांढरीशुभ्र राहतात. वेब ॲक्सेसिबिलिटीचे जे नियम आहेत त्यात साध्या आकाराच्या अक्षरांना मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ असा फरक हवा म्हणतात, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तुमच्याकडे जर पोपटी पदर आणि सोनेरी जर असेल तर त्याच्यावर नुसती पांढरी अक्षरं कुठल्या जन्मात वाचता येणार नाहीत, म्हणून ते काळं हवंच. अख्खी साडी झाकायची नसेल तर वरून पारदर्शक आणि खाली गडद असा ग्रेडियंट द्या आणि अक्षरं तळाशी, पदर दिसत राहतो.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. आता न विचारलेलं. किंमत हॉवरमध्ये ठेवू नका. अजिबात नको. तुमच्या पानाची लिंक जाणार कुठे? व्हॉट्सॲपवर. लग्नघरात कुणी मावशी ती उघडणार, फोनवर, आणि चार जणी तिच्या खांद्यावरून बघणार, त्या फोनला कुठे माउस आहे? बोट काही फोटोवर तरंगत ठेवता येत नाही. टॅप केलं तर फोन कधी कधी त्यालाच हॉवर समजून अक्षरं दाखवतो, पण मग ती दुसरीकडे टॅप करेपर्यंत तशीच चिकटून राहतात, आणि फोटो लिंक असेल तर आयफोनवर पहिल्या टॅपला नुसतं हॉवर होतं आणि लिंक उघडायला दुसरा टॅप द्यावा लागतो असंही होतं. मावशीला यातलं काहीच माहीत नसतं. तिला एवढंच दिसतं की २४ साड्या आहेत आणि एकीचीही किंमत नाही, म्हणजे महागच असणार, चला पुढच्या दुकानात.

म्हणून उलटं करा. आधी सगळं फोनसाठी लिहा, फोटो आणि त्याच्याखाली साध्या अक्षरात नाव नि किंमत. मग एक मीडिया क्वेरी, म्हणजे 'असं यंत्र असेल तरच' अशी अट, टाका, हॉवर : हॉवर आणि पॉइंटर : फाइन अशी, म्हणजे ज्याच्याकडे खरोखर माउस आहे त्याच्यासाठीच, आणि ते ॲब्सोल्यूट, ओपॅसिटी वगैरे सगळं त्या क्वेरीच्या आत. आणि तिथेसुद्धा नाव-किंमत फोटोखालीच राहू द्या हो. वर आणायचंच तर हौसेचं आणा, काठ नारळी की मुनिया, पदरावर मोर की आसावली, उभा धागा कुठल्या रंगाचा आणि आडवा कुठल्या म्हणून ती धूपछाव दिसते. ते वाचलं नाही म्हणून कुणी दुकान सोडत नाही, वाचलं तर मात्र थांबतं. फक्त किंमत कॅप्शनच्या आत ठेवलीत तर तीही झाकली जाईल, म्हणून ही हौसेची माहिती वेगळ्या स्पॅन टॅगमध्ये घाला आणि ते ॲब्सोल्यूट-बिब्सोल्यूट स्पॅनला लावा, आणि फोटो व स्पॅन मिळून एका आतल्या डब्यात ठेवून रिलेटिव्ह त्या डब्याला द्या.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. फोटो लिंकमध्ये असेल तर हॉवरच्या नियमाला फोकस-विदिनची जोड द्या, कीबोर्डवर टॅब दाबत येणाऱ्यालाही अक्षरं दिसतील. आणि वर येणाऱ्या पट्टीत 'फोन करा' असलं बटण ठेवणार असाल तर जपून, ओपॅसिटी शून्य म्हणजे दिसत नाही इतकंच, वस्तू तिथेच असते आणि दाबलीही जाते. एका गिऱ्हाइकाच्या पानावर मीच असं करून ठेवलं होतं, लोक फोटो बघताना कुठेही बोट लावायचे की थेट फोन लागायचा, दुकानदाराला वाटलं धंदा वाढला. लपलेलं असेपर्यंत पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या आणि हॉवर, फोकसला परत ऑटो करा.

प्रश्न : आम्ही नाशिकची ७-८ पोरं, सुट्टी मिळाली की किल्ले करतो. फोटोंचं पान केलंय आणि प्रत्येक फोटोला टायटल दिलंय, 'साल्हेर, १५६७ मीटर' असं. माउस नेल्यावर चौकोनात दिसतं पण फार उशिरा, बारीक, आणि त्याचा रंग-फॉन्ट काही बदलत नाही. टायटलऐवजी आल्टमध्ये लिहू का? दुसरं म्हणजे एका तयार इंग्रजी थीमचं हॉवर वापरून बघितलं तर त्यात 'कळसुबाई'चा उकार कापला जातो, अक्षरं एकमेकांपासून सुटी सुटी दिसतात आणि 'शिवनेरी'तला श हिंदीसारखा येतो. सीएसएसला मराठी येत नाही का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : टायटलचा तो चौकोन ब्राउझरच्या घरचा असतो, त्याला कपडे घालायची परवानगी आपल्याला नाही. उशीर तोच ठरवतो, आकार तोच ठरवतो. फोनवर तो येत नाही, कीबोर्डनं येत नाही. तो सोडून द्या आणि वर येवल्याच्या ताईंना सांगितलंय तसं फिगकॅप्शन करा, आणि केल्यावर टायटल काढून टाका, नाहीतर सुंदर पट्टीच्या डोक्यावर तो चौकोनही येऊन उभा राहतो.

आल्टमध्ये लिहा, पण हॉवरसाठी नाही. हा घोळ जुना आहे, इंटरनेट एक्सप्लोरर फार वर्षं आल्टच हॉवरला दाखवायचा, २००९ च्या आठव्या आवृत्तीत कुठे ते थांबलं, तोवर एका पिढीच्या डोक्यात आल्ट म्हणजे माउस नेल्यावर दिसणारं असं पक्कं बसलं होतं. आल्ट असतं फोटो उघडलाच नाही तर त्याच्या जागी दाखवायला, आणि ज्याला फोटो दिसत नाही त्याला ऐकवायला. गडावर रेंजची एकच कांडी असताना आपलंच पान उघडून बघा, आल्ट कशाला असतं ते कळेल.

आता मराठीचं. सीएसएसला मराठी येतं, थीम बनवणाऱ्याला येत नाही. त्यानं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून ओळीची उंची १.२ धरलेली असते, पट्टीला ४० पिक्सेल वगैरे ठोकळ उंची दिलेली असते आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर गेलेलं कापून टाक. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार, जोडाक्षर एवढा पसारा मांडायला जागा लागते. लाइन-हाइट १.६ च्या आसपास करा, ठोकळ उंची काढून टाका आणि त्याऐवजी वर-खाली पॅडिंग द्या, पट्टी अक्षरांप्रमाणे आपोआप वाढेल. 'किल्ल्यांवरून' एवढा एक शब्द टाकून बघा, तो धड दिसला तर बाकी सगळे दिसतील.

सुटी अक्षरं म्हणजे लेटर-स्पेसिंग. इंग्रजी मथळ्यांना १-२ पिक्सेल अंतर दिलं की भारदस्त वाटतं म्हणून थीमवाले सर्रास देतात. आपल्याकडे त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शून्य करा, एक पिक्सेलसुद्धा नको. थीममध्ये टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस असेल तर असू दे, आपल्याला मोठी लिपी-छोटी लिपी नाहीच, त्यानं काही होत नाही.

श चं कारण गमतीचं आहे. थीमच्या पहिल्याच ओळीत, एचटीएमएल टॅगमध्ये, लँग म्हणून इंग्रजीचा कोड लिहिलेला असतो, ईएन. तो बदलून एमआर करा. मराठीतल्या श आणि ल ची ठेवण हिंदीहून वेगळी असते हे काही फॉन्टना माहीत असतं, नोटो सान्स देवनागरीला माहीत आहे, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कुणी तरी सांगायला हवं ना, लिपी तर दोघींची एकच. लँग एमआर केलं की तोच फॉन्ट गुपचूप मराठी श काढून देतो. ज्या फॉन्टमध्ये ती सोयच नाही तिथे इलाज फॉन्ट बदलण्याचा.

आणि एक तुम्ही नाही लिहिलंत पण तुमच्या एका फोटोत मला दिसलं. साल्हेरच्या माथ्यावरून काढलेल्या त्या फोटोत नाव नेमकं आकाश आणि डोंगर जिथे मिळतात तिथे आलंय, फॉन्ट अगदी किरकोळ अंगाचा, आणि शिरोरेषा त्या डोंगराच्या कडेत अशी मिसळलीय की मी दोनदा 'साल्हेर'च्या जागी नुसते लोंबणारे काने वाचले. रोमन अक्षरांना ही भानगड नाही, आपल्याला आहे. अक्षरांचं वजन, म्हणजे जाडी, ६०० करा आणि अक्षरं खाली, गडद ग्रेडियंटवर न्या.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. जास्वंदीच्या फुलाचं मोठं चित्र घेऊन त्याच्या त्या त्या भागावर माउस नेला की निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी नावं यावीत असं पान करतेय. माझ्या लॅपटॉपवर जमलं. वर्गातल्या मोठ्या टच पॅनेलवर लावलं तर ठिपके भलतीकडेच सरकले आणि नावं तर आलीच नाहीत. मुलं हसली.
(एक शिक्षिका, संगमनेर)

उत्तर : मुलं हसणारच, पुमंगाचा ठिपका जर पानावर जाऊन बसला तर मीही हसलो असतो.

ठिपक्यांची जागा तुम्ही पिक्सेलमध्ये दिलीय. लॅपटॉपवर चित्र ८०० पिक्सेल रुंद होतं, पॅनेलवर ते दुपटीनं मोठं झालं, पण ठिपके बिचारे जुन्याच हिशोबानं डावीकडून ४१० वर उभे. लेफ्ट आणि टॉप टक्क्यांत द्या, ४१० ऐवजी ५१ टक्के, म्हणजे चित्र कितीही ताणलं तरी ठिपका पुंकेसरावरच राहील. चित्र आणि ठिपके एकाच रिलेटिव्ह डब्यात हवेत, आणि डबा चित्राएवढाच हवा, डबा चित्राहून मोठा झाला की टक्के डब्याचे धरले जातात आणि परत सगळं सरकतं. जुना मॅप आणि एरिया टॅगचा रस्ता कुणी सुचवला तर घेऊ नका, त्याचेही आकडे पिक्सेलचेच असतात.

नावं आली नाहीत कारण पॅनेल बोटानं चालतं. तिथे हॉवर विसरा, ठिपक्याला खरंखुरं बटण करा, बटन टॅगचंच. नावाच्या डब्याला पॉपओव्हर हा शब्द आणि एक आयडी द्यायचा, बटणाला पॉपओव्हरटार्गेट म्हणून तोच आयडी, बस्स, जावास्क्रिप्टची एक ओळ नाही. २०२४ च्या एप्रिलपासून क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींच्या नव्या आवृत्त्यांत हे चालतं. बाहेर कुठेही बोट लावलं की नाव बंद. पॅनेलमधला ब्राउझर जुनाट असेल तर डिटेल्स आणि समरी हे टॅग वापरा, ते दिसायला साधे आहेत पण पुष्कळ आधीपासून आहेत.

पॉपओव्हर आपण काही सांगितलं नाही तर पडद्याच्या बरोबर मध्यभागी उघडतं. लोक त्याला हलवून ठिपक्याजवळ नेण्याच्या मागे लागतात, तुम्ही लागू नका. मध्यभागी, ६० पिक्सेलच्या अक्षरांत 'जायांग' आलं तर शेवटच्या बाकावरून दिसतं. शिवाय बटण दाबायच्या आधी 'हा भाग कुठला' असं विचारायला तुम्हाला सवड मिळते, हॉवरमध्ये माउस चुकून घसरला की उत्तर फुटतं.

प्रश्न : मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. ही माउसची चित्रं माझ्यासाठी कोडंच असतं. काही पानांवर फोटोच्या जागी फाइलचं नाव वाचलं जातं, 'ग्राफिक आयएमजी अंडरस्कोर' आणि पुढे दहा आकडे. काही पानांवर हॉवरची अक्षरं मला ऐकूच येत नाहीत आणि काही पानांवर मी काही न करता सगळी धडाधड वाचली जातात, वर प्रत्येक वाक्य दोन दोन वेळा. हे नक्की कशावर ठरतं? आणि तुमच्या ओळखीचे वेबसाइटवाले हे कधी तरी स्वतः ऐकून बघतात का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, जरा लाज वाटण्यासारखं आहे.

लपवायच्या पद्धतीवर ठरतं. डिस्प्ले नन किंवा व्हिजिबिलिटी हिडन करून लपवलेलं तुमच्या स्क्रीन रीडरला नसल्यासारखंच असतं, ते फक्त माउस आल्यावर जिवंत होतं आणि तुम्ही माउस वापरत नाही, म्हणून कधीच नाही. ओपॅसिटी शून्य केलेलं नुसतं डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीन रीडरला सगळं असतं, म्हणून धडाधड. माझ्या मते यातलं दुसरं बरं, जास्त का होईना पण मिळतं. येवल्याच्या पत्राला मी ओपॅसिटीच सांगितलीय ती त्यासाठीही.

दोन दोनदा वाचलं जातं कारण बनवणाऱ्यानं आल्ट आणि कॅप्शनमध्ये एकच वाक्य चिकटवलेलं असतं. दोघांची कामं वेगळी हवीत, कॅप्शन म्हणतं 'नारळी काठ, मोराचा पदर', आल्ट म्हणतं 'मोरपंखी पैठणी लाकडी बाकावर उलगडून ठेवलीय, पदर पुढे'. आणि फोटो नुसताच शोभेचा असेल, कोपऱ्यातली वेलबुट्टी वगैरे, तर आल्ट लिहायचं पण रिकामं ठेवायचं, दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये काही नाही, मग स्क्रीन रीडर तो गपचूप ओलांडतो. आल्ट लिहिलंच नाही आणि फोटो लिंक असला की ते बिचारं सॉफ्टवेअर हाताला लागेल ते वाचतं, तेच तुमचं आयएमजी अंडरस्कोर.

मराठी पानांवर अजून एक पाप असतं. फ्लेक्स आणि पत्रिका करणारे लोक श्रीलिपीत किंवा कृतिदेवात नाव-पत्ता-किंमत टाइप करून ती फोटोतच भाजून टाकतात आणि तो जेपीजी वेबसाइटवर चढवतात. ते दिसतं अक्षरांसारखं, आहे नुसतं चित्र. तुम्हाला ऐकू येत नाही, सर्चला सापडत नाही, फोनवर मोठं केलं की फुटतं. आणि पानाला लँग एमआर नसेल तर तुमच्या एनव्हीडीएला मराठी आवाज निवडायची खूण मिळत नाही हे तुम्हाला मी सांगायला नकोच, नाशिकच्या पोरांना श साठी जो बदल सांगितला तोच इथेही कामाला येतो.

तुमच्यासाठी नाही पण ज्यांना थोडं दिसतं आणि जे पडदा ४-५ पट मोठा करून वाचतात त्यांच्यासाठी २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत, हॉवरबद्दल एक वेगळा नियम आला, १.४.१३ नंबरचा. त्यात तीन गोष्टी आहेत, माउस न हलवता ते बंद करता यावं, म्हणजे एस्केपनं वगैरे, माउस त्या आलेल्या अक्षरांवर नेला तरी ती पळू नयेत, आणि आपणहून काही सेकंदांत नाहीशी होऊ नयेत. मधली गोष्ट डब्याला हॉवर लावल्यानं फुकटात होते. एस्केपला मात्र थोडी जावास्क्रिप्ट लागते, अक्षरं मजकुरावर येत असतील तर ती लिहावी. म्हणजे येवल्याचा भाऊ तेवढ्यापुरता बरोबर निघाला.

आता ऐकून बघतात का. तुमचं पत्र आल्यावर मी एनव्हीडीए उतरवून घेतलं, फुकट आहे, स्क्रीन बंद केली आणि माझ्या स्वतःच्या कामाचे नमुने जिथे लावलेत ते पान उघडलं. ३१ फोटो आहेत. पहिला 'ग्राफिक फायनल', दुसरा 'ग्राफिक फायनल टू', तिसरा 'ग्राफिक फायनल फायनल'. सातव्यापर्यंत ऐकलं आणि बंद केलं. १२ फोटोंचे आल्ट लिहून झालेत, १९ बाकी आहेत, अंक तुमच्या हातात येईपर्यंत होतील, नाही झाले तर परत पत्र टाका.